स्मार्ट बल्ब, प्लग, स्विच ‘ऑफलाइन’ झाले की: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाजारात मिळणारे बहुतेक स्मार्ट प्लग, बल्ब आणि बोर्डाच्या आत बसणारे मॉड्यूल वरून वेगवेगळ्या कंपन्यांचे दिसतात, पण आतून एकाच जातकुळीचे असतात: २.४ गिगाहर्ट्झ वाय-फायची एक छोटी चिप, एक रिले म्हणजे विजेवर चालणारा खटका (बल्बमध्ये त्याजागी एलईडी चालवणारं सर्किट) आणि २३० व्होल्टचे ५ किंवा ३.३ व्होल्ट करणारा चिमुकला वीजपुरवठा. त्यामुळे बिघाडही ठरावीकच असतात. खालची उत्तरं याच उपकरणांसाठी आहेत. कुलूप, सेन्सर आणि झिगबीसारख्या वाय-फायहून वेगळ्या बिनतारी पद्धती शेवटाकडे.

उपकरण ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ दाखवतंय. सगळ्यात आधी काय करायचं?

रीसेट करू नका. बहुतेक जण पहिलं तेच करतात आणि पाच मिनिटांचं काम तासाभराचं होऊन बसतं. रीसेट केलं की उपकरण वाय-फायचं नाव-पासवर्ड विसरतं, आणि दोष राउटरमध्ये असेल तर ते पुन्हा जोडलंही जात नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

‘हॉलचा दिवा लाव’ म्हटल्यावर तो हुकूम स्पीकरमधून इंटरनेटवर, आवाजाच्या सेवेच्या सर्व्हरकडून बल्बच्या कंपनीच्या सर्व्हरकडे, तिथून परत तुमच्या राउटरवर आणि शेवटी वाय-फायने बल्बपर्यंत येतो. कुठली कडी तुटली हे शोधायचं असतं. त्यासाठी या क्रमाने बघा:

१. उपकरणावरचं बटण हाताने दाबा. चालू-बंद झालं नाही, तर भानगड विजेची किंवा उपकरणाची आहे. वाय-फायकडे बघूच नका.
२. एकच उपकरण गेलंय की सगळी? एकच असेल तर ते उपकरण किंवा तिथला सिग्नल. सगळी असतील तर राउटर किंवा नेट. एकाच कंपनीची सगळी गेली आणि बाकीची चालतायत, तर त्या कंपनीचा सर्व्हर किंवा तुमचं खातं.
३. फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून ॲप उघडा. घरच्या वाय-फायवरून चालतं पण डेटावरून नाही, याचा अर्थ घराबाहेरचं नेट तुटलंय. उलट असेल, म्हणजे डेटावर चालतं आणि वाय-फायवर नाही, तर फोनमधलं व्हीपीएन, जाहिराती अडवणारं डीएनएस किंवा गेस्ट नेटवर्क तपासा.
४. ॲपमधून चालतं, पण आवाजाने नाही? मग उपकरण ठणठणीत आहे. आवाजाच्या सहायकाचा प्रश्न खाली वेगळा घेतलाय.

उपकरणावरचा बारीक दिवाही बरंच सांगतो. भरभर लुकलुकत असेल तर ते जोडणीची वाट बघतंय, म्हणजे कोणीतरी किंवा काहीतरी त्याला रीसेट केलंय. संथ लुकलुकत असेल तर बऱ्याच मॉडेलांत त्याने स्वतःचं हॉटस्पॉट उघडलेलं असतं. दिवाच लागत नसेल तर आत वीज पोचत नाहीये.

बल्ब रोज रात्री ‘ऑफलाइन’ होतो आणि सकाळी आपोआप ठीक होतो. असं का?

कारण घरातलं कोणीतरी सवयीने भिंतीवरचं बटण बंद करतं. स्मार्ट बल्बला चोवीस तास वीज लागते. बटणावर कागद चिकटवून ‘बंद करू नये’ लिहिणं दोन दिवस चालतं. ज्या घरात आजी-आजोबा, मुलं आणि कामाला येणाऱ्या मावशी सगळेच बटण वापरतात, तिथे स्मार्ट बल्बऐवजी साधा बल्ब आणि बोर्डात स्मार्ट मॉड्यूल हेच बरं. बटणही चालतं आणि ॲपही.

लाइट जाऊन आली की निम्मी उपकरणं परत येतच नाहीत. काय करायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि यात तीन वेगवेगळे रोग लपलेले असतात.

पहिला, वेळेचा. वीज आली की बल्ब पाच-दहा सेकंदांत जागा होऊन वाय-फाय शोधू लागतो. राउटरला उठायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर आणखी थोडी. चांगली उपकरणं शोधत राहतात. स्वस्तातली काही वेळा प्रयत्न करून गप्प बसतात. म्हणून वीज आल्यावर दहा मिनिटं काहीही करू नका. तरी एखादं आलं नाही तर फक्त त्याचाच खटका बंद करून दहा सेकंदांनी चालू करा. राउटर आता तयार असतो, त्यामुळे बहुधा लगेच जोडलं जातं.

दुसरा रोग पत्त्यांचा. घरातले दिवे इन्व्हर्टरवर आहेत, पण राउटर नाही, असं बऱ्याच फ्लॅटमध्ये असतं. वीज गेल्यावर राउटर बंद पडतो, बल्ब मात्र जागेच राहतात आणि आपला जुना आयपी पत्ता धरून बसतात. राउटर परत उठतो तेव्हा कोणाला कुठला पत्ता दिला होता याची यादी तो विसरलेला असतो (बऱ्याच स्वस्त राउटरमध्ये ही यादी वीज गेली की पुसते). मग तोच पत्ता तो दुसऱ्याच फोनला देऊन टाकतो. दोघांचा पत्ता एक, आणि दोघेही अधूनमधून गायब. यावर उपाय म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ करून प्रत्येक स्मार्ट उपकरणाला कायमचा पत्ता बांधून देणं. एकदा अर्धा तास घालवला की हा त्रास संपतो.

तिसरा रोग मजेशीर आहे. बरेच बल्ब रीसेट करायची रीत म्हणजे तीन किंवा पाच वेळा चालू-बंद करणं. आता पावसाळ्याच्या सुरुवातीला वीज कशी जाते ते आठवा: जाते, येते, परत जाते, परत येते. बल्बला वाटतं तुम्हीच रीसेट करताय. वीज स्थिर झाल्यावर बेडरूमचा बल्ब लुकलुकत बसलेला दिसला तर हेच झालंय. काही ॲपमध्ये बल्बच्या सेटिंगमध्ये ही सोय बंद करता येते. ज्यांच्याकडे विजेची अशी लपाछपी नेहमीची आहे त्यांनी ती शोधून बंदच करावी.

मग राउटरला यूपीएस लावावा का?

हो. या पानावरचा सगळ्यात जास्त परतावा देणारा खर्च हाच. राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा डीसी यूपीएस घ्या. आतल्या बॅटऱ्या १०,००० मिलिॲम्पिअर-तासांच्या असतील तर ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ती ३७ वॅट-तास ऊर्जा झाली. नासधूस वजा जाता साधारण ३० हाती लागते. राउटर ८ वॅट खात असेल तर साडेतीन तास निघतात. आधी राउटरच्या ॲडॉप्टरवरचे आकडे वाचा: काही १२ व्होल्ट १ ॲम्पिअर असतात, काही १.५ किंवा २, आणि काही चक्क ९ व्होल्टचे. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना वीज लागते. एकालाच लावून ‘यूपीएस घेऊनही नेट जातं’ अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते.

मध्यरात्री लाइट आली की सगळे दिवे फटाफट लागतात. बिघाड आहे का?

नाही. ॲपमध्ये ‘पॉवर-ऑन स्टेट’ नावाची निवड असते: चालू, बंद, किंवा पूर्वी होतं तसं. कारखान्यातून बल्ब बहुतेकदा ‘चालू’वर येतात, कारण भिंतीवरचं बटण दाबल्यावर तो लागायला हवा. दिव्यांना ‘पूर्वी होतं तसं’ ठेवा. गीझर आणि पंपाच्या प्लगला मात्र ‘बंद’च.

इंटरनेट कंपनी बदलली, नवा राउटर आला. आता वीस उपकरणं पुन्हा जोडायची?

गरज नाही. नव्या राउटरवर २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, कॅपिटल-स्मॉल अक्षरांसकट, रिकामी जागाही जशीच्या तशी. सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२’ किंवा ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र’ ठेवा. उपकरणांना राउटर बदलल्याचं कळतही नाही. नेट जोडायला आलेला माणूस घाईत स्वतःच्या पद्धतीचं नाव देऊन जातो. त्याला दारातच थांबवून हे सांगा. मिश्र सुरक्षेवरही काही जुने प्लग अडतात. तसं झालं तर नुसतं डब्ल्यूपीए२ करून बघा. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलंत तर जुनं काहीच जोडलं जाणार नाही.

नवं उपकरण जोडताना ९९ टक्क्यांपर्यंत जातं आणि अडकतं. का?

दहातल्या आठ वेळा राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ एकाच नावाने देत असतो. फोन ५ वर बसलेला, प्लगला ५ ऐकूच येत नाही. राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या, फोन २.४ वर आणा, जोडणी करा. नंतर हवं तर नावं परत एक करता येतात.

तेही जमलं नाही तर फोनकडे वळा. ॲपला लोकेशनची परवानगी आणि फोनचं लोकेशन चालू हवं. आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी हवी. एकदा चुकून ‘नको’ म्हटलं की ती सेटिंगमध्ये जाऊनच द्यावी लागते. मोबाइल डेटा आणि व्हीपीएन जोडणीपुरते बंद ठेवा. आणि ज्या वाय-फायला आधी वेब पानावर लॉगिन करावं लागतं (हॉस्टेल, काही स्थानिक केबलवाले), तिथे स्मार्ट प्लग थेट कधीच जोडला जाणार नाही. त्याला पान उघडता येत नाही. मध्ये स्वतःचा राउटर घालावा लागतो.

वाय-फायचं नाव मराठीत ठेवलं तर चालतं का?

फोनला चालतं, स्मार्ट उपकरणांना पुष्कळदा नाही. नावाची मर्यादा ३२ बाइटची आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं प्रत्येकी ३ बाइट खातं. ‘गुरुकृपा सदन’ या साध्या नावाचे ३४ बाइट होतात, म्हणजे ते बसतच नाही. बसलं तरी स्वस्त चिपला ते नीट वाचता येईलच असं नाही. बंगल्याचं नाव पाटीवर मराठीत असू द्या. वाय-फायला मात्र इंग्रजी अक्षरं आणि आकडे, आणि इमोजी अजिबात नको.

सिग्नल पुरेसा आहे हे कसं ओळखायचं?

बऱ्याच ॲपमध्ये उपकरणाच्या माहितीत सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो, नेहमी उणे. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत निर्धास्त, उणे ७५ च्या पलीकडे कुरकुर सुरू, आणि उणे ८० ला उपकरण दिवसातून चार वेळा गळतं. फोनवर चांगले तीन दांडे दिसतात म्हणून फसू नका. फोनचा अँटेना मोठा असतो, बोर्डाच्या लोखंडी डब्यात कोंबलेल्या मॉड्यूलचा नखाएवढा.

काँक्रीटची भिंत, टाइल्स लावलेलं बाथरूम, लोखंडी कपाट आणि आरसा हे मोठे शत्रू. राउटर टीव्हीच्या मागे किंवा दाराजवळच्या खोक्यात असेल तर आधी तो घराच्या मध्याकडे, छातीच्या उंचीवर आणा. २.४ वर चॅनल ‘ऑटो’ न ठेवता १, ६ किंवा ११ पैकी ज्यावर शेजाऱ्यांची गर्दी कमी आहे तो निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. चॅनल १२ आणि १३ टाळा. परदेशी बाजारासाठी बनलेल्या काही उपकरणांना ते दिसतच नाहीत, आणि ‘ऑटो’ राउटर नेमका तिकडे उडी मारतो तेव्हा सगळं चालत असताना दोनच प्लग अचानक गायब होतात.

राउटरवर किती उपकरणं चालतात?

खोक्यावर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. कनेक्शनबरोबर फुकट मिळालेला राउटर वीस-पंचवीस जोडण्यांनंतर धापा टाकू लागला तर नवल नाही. राउटरच्या पानावर (बहुतेकदा १९२.१६८.१.१, आकडे अर्थात इंग्रजीत) जाऊन डीएचसीपीचा पल्ला, म्हणजे राउटर कुठून कुठपर्यंतचे पत्ते वाटतो ते बघा. तो १०० ते १३१ असा ठेवला असेल तर फक्त ३२ पत्ते आहेत. पाहुण्यांचे चार फोन आले की तुमचा बल्ब बाहेर. पल्ला २ ते २५४ करा.

ॲपमधून चालतं, पण ॲलेक्सा ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ म्हणते किंवा गुगल ‘ऑफलाइन’ दाखवतं.

उपकरणाच्या कंपनीचं खातं आणि आवाजाचा सहायक यांच्यातला दुवा तुटलाय. कंपनीच्या ॲपचा पासवर्ड बदलला की बऱ्याचदा तुटतो. ॲलेक्सा ॲपमध्ये त्या कंपनीचं स्किल बंद करून पुन्हा चालू करा आणि लॉगिन करा. गुगल होममध्ये ‘रिकनेक्ट अकाउंट’ वापरा. मग नवीन शोध घ्यायला सांगा.

तेवढ्याने झालं नाही तर नावं बघा. जुना प्लग काढून नवा लावला आणि दोघांचंही नाव ‘हॉल लाइट’ असेल, तर सहायक मेलेल्याला हाका मारत बसतो. जुनं नाव यादीतून पुसा. खोलीचं नाव ‘हॉल’ आणि दिव्याचं नावही ‘हॉल’ असं ठेवू नका. ‘हॉल बंद कर’ म्हटल्यावर पंखासुद्धा बंद होतो.

ॲप म्हणतं ‘बंद’, पण गीझर चालूच आहे!

आधी एमसीबी पाडा, मग पुढचं वाचा. हा वाय-फायचा बिघाड नाही, प्लगच्या आतला रिले चिकटलाय.

रिले म्हणजे दोन धातूचे टेकू, जे विद्युतचुंबकाने एकमेकांना टेकतात आणि सुटतात. जास्त प्रवाह असताना ते टेकतात-सुटतात तेव्हा ठिणगी पडते, टेकू वितळून एकमेकांना जोडले जातात. चिप ‘सोड’ म्हणते, टिक असा आवाजसुद्धा येतो कधीकधी, पण धातू सुटत नाही. ॲपला हे कळायला मार्ग नाही. चिपने हुकूम सोडला म्हणून ते ‘बंद’ दाखवतं. गीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट असतो म्हणून लगेच अनर्थ होत नाही, पण तो शेवटचा आधार आहे.

हिशेब सोपा आहे: वॅट भागिले २३०. २,००० वॅटचा गीझर ८.७ ॲम्पिअर घेतो, ३,००० वॅटचा १३. १० ॲम्पिअरच्या प्लगवर २,००० वॅटचा गीझर कागदावर बसतो, प्रत्यक्षात रोजच्या वापरात तो प्लग तापतो, विशेषतः सॉकेट सैल असेल तर. गीझर, एसी, इस्त्री, इंडक्शन यांना १६ ॲम्पिअरचाच प्लग, तोही १६ ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये, मध्ये कन्व्हर्टर पिन नाही. प्लग-सॉकेटसाठीचं भारतीय मानक आयएस १२९३ आहे, त्याचा आयएसआय शिक्का बघून घ्या. पाण्याचा पंप तर १६ च्या प्लगवरही थेट लावू नये. एक अश्वशक्ती म्हणजे कागदावर ७४६ वॅट, पण मोटर चालताना त्याहून जास्त वीज घेते आणि सुरू होताना तर पाच-सहा पट प्रवाह ओढते. तिथे मध्ये कॉन्टॅक्टर (जड प्रवाहासाठीचा मोठा रिले) घालून प्लगने फक्त कॉन्टॅक्टर चालवायचा.

प्लग काढून त्याच्या पिना बघा. पितळ काळं पडलंय, प्लास्टिक पिनेभोवती तपकिरी झालंय, किंवा जळक्या मासळीसारखा वास येतोय, तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. फक्त प्लग बदलला तर नवाही महिन्यात तसाच होतो.

बोर्डाच्या आत मॉड्यूल बसवलाय, तो अधूनमधून मरतो. दिवाही बारीक लुकलुकतो.

प्रश्न बहुधा न्यूट्रलचा. आपल्याकडे बोर्डात बटणांना फक्त फेज येतो आणि न्यूट्रल थेट दिव्याकडे जातो. ज्या बोर्डात सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतोच. जिन्याच्या किंवा पलंगाजवळच्या दोन-मार्गी बोर्डात बहुधा नसतो. तिथे ‘नो-न्यूट्रल’ मॉड्यूल लावतात, जो दिव्यातूनच थोडा प्रवाह चोरून जिवंत राहतो. दिवा ५-९ वॅटचा एलईडी असेल तर त्या चोरीनेच तो मंद पेटतो, लुकलुकतो, किंवा मॉड्यूलला पुरेशी वीज मिळत नाही आणि तो वाय-फाय सोडतो. मॉड्यूलबरोबर आलेला छोटा कपॅसिटर दिव्याच्या दोन टोकांना (दिव्याकडे, बोर्डात नाही) जोडायचा असतो. वायरमन तो पुडीत तसाच ठेवून जातात.

न्यूट्रल कुठून घेतला हेही बघा. एका आरसीसीबीवरच्या (विजेची गळती ओळखून पडणाऱ्या खटक्यावरच्या) दिव्यांच्या मॉड्यूलला शेजारच्या दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल दिला, तर प्रत्येक मॉड्यूलचे ५-१० मिलिॲम्पिअर परत येताना चुकीच्या वाटेने जातात. एका मॉड्यूलने काही होत नाही. चार-पाच झाले की बेरीज ३० मिलिॲम्पिअरच्या घरात जाते आणि आरसीसीबी कारण नसताना पडू लागतो. आणि लाइट गेल्यावर बाकीचं घर इन्व्हर्टरवर उजळतं पण तेवढाच दिवा लागत नसेल, तर मॉड्यूलला फेज इन्व्हर्टरच्या लाइनऐवजी सॉकेटच्या लाइनवरून दिलाय.

हे काम एमसीबी पाडून, टेस्टरने खात्री करून, जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.

स्मार्ट मॉड्यूल लावल्यापासून पंखा गुणगुणतो.

दिव्याच्या डिमरवर पंखा लावला असेल तर गुणगुणणारच. पंख्यासाठी कपॅसिटरच्या पायऱ्यांचा मॉड्यूल लागतो. जुना रेग्युलेटर मध्येच राहिलाय का तेही बघा. तो काढून टाकायचा असतो. बीएलडीसी पंख्याला (आतच इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला, कमी वीज खाणारा) कुठलाच रेग्युलेटर नको, फक्त चालू-बंद. घरी जुना स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टर असेल तर गुणगुण फक्त वीज गेल्यावर येते. अशा इन्व्हर्टरवर स्वस्त मॉड्यूल तापतातही.

एकदम चार-पाच उपकरणं कायमची मेली. एकही दिवा लागत नाही.

विजेचा झटका. वीज कडाडल्यावर होतं, आणि त्याहून जास्त वेळा इमारतीचा किंवा खांबावरचा न्यूट्रल सुटल्यावर. न्यूट्रल सुटला की एका घरात ३०० व्होल्टच्या वर जातात, दुसऱ्या घरात १५० वर येतात. खूण अशी: काही दिवे डोळे दिपतील इतके प्रखर, काही मिणमिणते. दिसताक्षणी मेन स्विच पाडा आणि वीज कंपनीला १९१२ वर कळवा. मेलेल्या मॉड्यूलचा फ्यूज किंवा त्याशेजारची गोल चकती, व्हॅरिस्टर, फुटलेली दिसते. मुख्य बोर्डात जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारं संरक्षक उपकरण बसवलं की पुढचा खर्च वाचतो.

मोबाइलवरून एसी लावला, ॲप ‘चालू’ म्हणतं, घरी येऊन बघतो तर बंद.

ॲपचा हुकूम एसीला देणारा आयआर (इन्फ्रारेड) ब्लास्टर हा फक्त रिमोट आहे. हुकूम सोडतो, एसीने ऐकला का हे त्याला कधीच कळत नाही. मध्ये पडदा, टीव्हीची कड, उघडं कपाट आलं की किरण अडतात. ब्लास्टर एसीच्या समोर, पाच-सहा मीटरच्या आत ठेवा. खात्री हवी असेल तर एसीच्या लाइनवर विजेचा वापर दाखवणारं मीटर लावा. ०-५ वॅट दिसले तर एसी झोपलाय.

स्मार्ट कुलूप आणि दाराचे सेन्सर

कुलपात अल्कलाइन सेलच घाला, सगळे एकदम नवे, एकाच कंपनीचे. रिचार्जेबल निकेल सेल १.२ व्होल्टचे असतात, कुलूप १.५ चा हिशेब धरतं आणि बॅटरीचा अंदाज साफ चुकवतं. बाहेर अडकलात तर कुलपाच्या खालच्या कडेला बघा: ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवायचे दोन ठिपके किंवा यूएसबीचं तोंड असतं. पॉवर बँक लावून कोड मारता येतो. चावी आलेली असेल तर ती शेजारच्या काकूंकडे ठेवा, घरातल्या ड्रॉवरमध्ये नाही.

दाराच्या सेन्सरमध्ये बहुधा सीआर२०३२ नाणं असतं. सेन्सर ‘ऑनलाइन’ दिसतो पण दार उघडल्याचं कळवत नाही, तर नाणं बदला. चुंबक आणि सेन्सरमधली फट १० मिलिमीटरच्या वर गेलीय का बघा. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं आणि फट बदलते.

झिगबी, थ्रेड, मॅटर असेल तर?

झिगबी आणि थ्रेड या स्मार्ट उपकरणांच्या वेगळ्या बिनतारी पद्धती, पण त्याही २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात. वाय-फाय चॅनल १ वर असेल तर झिगबी २५ वर ठेवा, भांडण मिटतं. झिगबीची काठी (हबचं काम करणारा यूएसबी डोंगल) संगणकाच्या यूएसबी ३ तोंडाला थेट लावली तर त्या तोंडाच्या गोंगाटातच ती बहिरी होते. अर्ध्या-एक मीटरची एक्स्टेन्शन वायर लावा. आणि जाळं विजेवरच्या प्लग-बल्बांच्या आधाराने पसरतं. मधला प्लग काढून घेतला की पलीकडच्या बॅटरीवरच्या सेन्सरांची वाट तुटते.

मॅटर म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र चालावीत म्हणून ठरवलेलं मानक. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. मॅटर उपकरण ‘सापडत नाही’ म्हणालं तर राउटरमध्ये आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) बंद आहे का आणि ‘एपी आयसोलेशन’ (उपकरणांना एकमेकांशी बोलू न देणारी सोय) चालू आहे का हे बघा. थ्रेडवालं असेल तर घरात बॉर्डर राउटर, म्हणजे थ्रेडला घरच्या नेटवर्कशी जोडणारं उपकरण, हवाच.

मुलगा अमेरिकेत आहे, त्याने लावलेली वेळापत्रकं चुकीच्या वेळी चालतात.

ॲपमधलं ‘घर’ त्याच्या फोनच्या ठिकाणावरून बनलंय. घराच्या सेटिंगमध्ये ठिकाण पुणे, नाशिक जे असेल ते टाका. मग वेळ आणि सूर्यास्त दोन्ही सुधारतात. जुनी वेळापत्रकं पुसून नवी करा, नुसतं ठिकाण बदलून जुनी नेहमीच सरळ होत नाहीत. तिकडून आणलेले प्लग-बल्ब मात्र लावायच्या आधी उलटून वाचा. ‘१२० व्होल्ट’ एवढंच लिहिलं असेल तर आपल्या २३० वर ते लावताच जळतील. ‘१००-२४०’ असेल तर हरकत नाही.

कंपनीने सेवाच बंद केली तर?

होतं असं. रिव्हॉल्व्ह या स्मार्ट होम कंपनीचे हब मे २०१६ मध्ये निकामी झाले, इन्स्टिऑन या दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये ग्राहकांना न सांगता बंद पडले. खरेदी करतानाच एक परीक्षा घ्या: राउटर चालू ठेवून त्याची बाहेरची नेटची वायर काढा. ॲपमधून दिवा लागला तर उपकरण घरातल्या घरात चालतं. नाही लागला तर तो दिवा सर्वस्वी परक्या सर्व्हरच्या मर्जीवर आहे. ज्यांना थोडी खटपट जमते त्यांच्यासाठी होम असिस्टंट (घरातल्याच संगणकावरून उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) हा चांगला मार्ग आहे, आणि काही मॉड्यूलवर कंपनीच्या आतल्या सॉफ्टवेअरऐवजी टास्मोटा चढवता येतं.

सगळं करून झालं. आता रीसेट कसं करू?

आधी वेळापत्रकांचे स्क्रीनशॉट घ्या. प्लग आणि मॉड्यूलवर बटण पाच ते दहा सेकंद दाबून धरा, दिवा भरभर लुकलुकू लागला की सोडा. बल्ब असेल तर तीन वेळा (काही मॉडेलांत पाच) चालू-बंद करा, प्रत्येक वेळी एखादा सेकंद थांबून. तो लुकलुकला की जोडणी सुरू करा. भरभर लुकलुकीवर जमलं नाही तर संथ लुकलुकीवर आणा आणि ॲपमध्ये ‘एपी मोड’ निवडा. फोन उपकरणाच्या हॉटस्पॉटला जोडला जातो आणि ५ गिगाहर्ट्झचा घोळ टळतो. भाड्याच्या घरात आधीच्या भाडेकरूच्या खात्यात अडकलेलं उपकरण काही कंपन्यांत रीसेटनेही सुटत नाही. त्यालाच ॲपमधून काढायला सांगावं लागतं.

बल्ब मेलाय हे कधी मान्य करायचं?

थंड असताना जोडला जातो आणि दहा-वीस मिनिटांनी तापल्यावर ‘ऑफलाइन’ होतो, असं रोज घडत असेल तर आतला कपॅसिटर सुकत चाललाय. बंद कव्हरच्या किंवा छतात गाडलेल्या दिव्यात हे लवकर होतं. खात्रीसाठी तो राउटरच्या शेजारी, उघड्या होल्डरमध्ये तासभर लावून बघा. तिथेही गळला तर वॉरंटीत द्या. मुदत संपली असेल तर ई-कचऱ्यात टाका, ओल्या-सुक्यात नाही. आणि टाकण्याआधी ॲपमधून काढा, कारण बल्बच्या आत तुमच्या वाय-फायचा पासवर्ड साठवलेला असतो.